आतली चाल

— मघाशी छान वाजवलंत म्हणालीस ना?

— म्हणाले. मग? छानच वाजवलंत.

— भात्याला हात लावला नव्हता मी.

— म्हणजे?

— म्हणजे पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवली. पेटीत हवाच गेली नाही, तर आवाज कुठून येणार? आणि तू आपली मान डोलावतेयस, मांडीवर ठेका धरतेयस.

— परीक्षा घेत होतात माझी?

— मग काय करू? तुला ऐकू यावं म्हणून कानात इम्प्लांट बसवून वर्ष होत आलं. त्या ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या म्हणून रोज संध्याकाळी पेटी काढून बसतोय. एकच वाद्य, ओळखीची चाल, म्हणजे कानाला सुरांची सवय होईल. आणि तू पहिल्या दिवसापासून छानच म्हणतेस. संशय नाही येणार?

— चिडू नका. मी चकती काढते.

— कुठली चकती?

— ही, केसांखालची. डोक्याला चिकटते ती. तुम्ही पेटी उघडलीत की हळूच सरकवते. कानावरचं मशीन तसंच दिसतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

— अगं, म्हणजे इतके दिवस मी ठार बहिऱ्या बाईपुढे वाजवत होतो?

— हो.

— पण फोनवर तर नातीशी तासभर गप्पा मारतेस.

— बोलणं कळतं हो. नळ टपकतो तो कळतो. तुमचं घोरणं कळतं, तेवढं नसतं कळलं तरी चाललं असतं. पण पेटी सुरू झाली की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी हलवतंय असं वाटतं. सूर वर गेला की खाली आला, काही कळत नाही.

— मग त्या बाईंना सांगायचंस. मशीन जुळवून देतात त्या.

— दिलं की दोनदा. म्हणाल्या, ऐकत राहा, हळूहळू सूर कळायला लागतील. किंवा नाहीही लागणार. हे दुसरं तुम्हाला नाही सांगितलं मी.

— आणि तू ऐकतच नाहीस. मग कळणार कसे?

— चकती काढली की मला चाल ऐकू येते.

— काहीतरीच तुझं.

— खरंच. कान धड होते तेव्हाची पाठ आहे ती. कान गेले, त्यानंतरची सगळी वर्षं तुमची बोटं बघूनच ऐकली. बोट पडलं की आतून सूर उमटतो, अगदी पूर्वीसारखा. आज तुम्ही भाता मारला नाहीत, पण मला ऐकू आलं. खोटं नव्हते बोलत.

(तो पेटीचं झाकण लावतो. थोड्या वेळाने पुन्हा उघडतो.)

— मधेच एखाद्या दिवशी मशीन लावून ऐकलं ना, की दोन-तीन दिवस ती आतली चाल येतच नाही. पत्राच वाजत राहतो. दर वेळी थोडी पुसली जाते. भीती वाटते मला. नवी आली नाही आणि जुनीही गेली, तर काय करू मी?

— मग नको ऐकूस. आहे तसंच राहू दे.

— नात गाणं शिकतेय. तिची कुठली बोटं बघू? परवा फोनवर गायली, आणि विचारते, आजी, कसं झालं?

— काय म्हणालीस?

— छान म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

— बरं. भाता मारू की नको, तेवढं तरी सांग.

— उद्यापासून मारा. चकती लावून बसेन. आज एकदा तसंच वाजवा, सावकाश.