खालच्या उतारावरच्या गाठी

नाही, बसू नका. त्या खुर्चीवर नकाशे आहेत, आणि तुमचं काम काही इतकं लांबायचं नाही. सव्वीस वर्षं या चौकीचा वनरक्षक आहे मी, आणि तुम्ही दोन दिवस डोंगर हिंडून मला विचारताय, वणवा एकच लागला, मग वरचा उतार हिरवा आणि खालचा बोडका कसा? — जसं काही मला दिसतच नाही. या उतारांवरचं झुडूप वरवरच जळतं, बाई. बुंध्याखाली जमिनीत भोपळ्याएवढी गाठ असते, ती जिवंत राहते, महिना-दीड महिन्यात तिला धुमारे फुटतात. आणि बी — त्याचं कवच तर धग लागल्याशिवाय तडकतच नाही. तुम्ही वाचलंत, मला सासऱ्यांनी जमिनीवर बसवून दाखवलं. माझ्याआधी तेच होते इथं. जळका बुंधा नखानं खरवडायचा, आत ओल लागली की हात लावायचा नाही, बास.

मग खालच्या उतारावर खणलं कुणी, म्हणता? मजुरांनी खणलं. त्यांना काय, काळं दिसलं की मेलं — लिहा तसं. पेन का थांबलं? हुकूम कुणाचा, हे बरं सुचतं तुम्हाला. अहो, मोठे साहेब यायचे होते पंधरा दिवसांत, त्यांना काळी खुंटं दाखवायची? त्यांना रोपं हवी होती, ओळीत, प्रत्येकाला काठी बांधलेली. त्यांना काय सांगायचं, थांबा साहेब, खालून उगवेल? तुम्ही सांगितलं असतंत? चारशे गाठी निघाल्या. एका हातानं उचलेना एकेक, मेलेलं लाकूड इतकं जड नसतं हो — म्हणजे, असं मजूर म्हणत होते. मी तिथं नव्हतो. होतो, पण लांब. वरच्या उतारावर गाठी भरायची ट्रॉली चढली नाही म्हणून तो वाचला, त्यात माझं काही नाही. आणि रोपं उन्हानं गेली, त्यातही नाही.

खरवडून बघितलं का? बघितलं. पहिल्याच दिवशी, सात-आठ खुंटं. सगळी ओली होती. झालं समाधान? तरी अहवालात मजूरच लिहा, माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. सासरे चढून आले होते त्या दिवशी, एवढ्या वयात, काठी टेकत. ट्रॉलीतल्या एका गाठीवर नख ओढलं आणि उतरले. तेव्हापासून लेकीला बोलावतात, मला नाही. म्हणून सांगतो, त्यांच्याकडे जाऊ नका, म्हातारा माणूस आहे, मनात अढी धरून काहीही—

जाऊन आलात? कधी, सकाळी? मग मला कशाला बोलायला लावलंत इतका वेळ, मजा बघत होतात? काय सांगितलं त्यांनी, माझंच नाव ना? नाही? मग?

जावयालाच विचारा. तो खोटं सांगणार नाही.

असं म्हणाले?

तो कागद ठेवा इथं. नाव मी लिहितो. उभ्या काय राहिलात, निघा आता.