झाला का अंधार?

— शिडी न्हाई आणली? मंग वर जाणार कसं भाऊ, वाऱ्यावर? आसू द्या, आमची हाय की, गोठ्याच्या मागं, बांबूची. मधली एक पायरी ढिली हाय तेवढी, तिच्यावर पाय नका देऊ, आमचं मालक बी तिला वलांडूनच चढायचं. बसा आधी, उन्हाचं आलाव. चहा ठेवते. रामदासनं धाडलं म्हणलाव न्हव? धाडणारच. फोनवर म्हणला, "आये, छपराचं बघायला माणूस धाडतो." मी तिथंच हात जोडलं. कुशाबाई, ही शेजारची, तिच्या सुनंच्या मोबाइलवर बोलत व्हते, ती म्हणते, आलं का तुझं लेकरू भानावर? मी म्हणलं, आगं बाई, बेभान कधी व्हतं ते? कामात आसतंय. टमाट्याचा धंदा त्याचा, नारायणगावच्या मार्केटात उभं ऱ्हायचं, गाड्या भरायच्या, त्यात माणूस आपलं नाव बी इसरतं. घर कुठनं ध्यानात ऱ्हाणार?

ही कौलं बघितली का, गोठ्याच्या भिंतीला लावल्याली? समदी मी वाजवून घेतलीत. कौल हातावर तोलून बोटाच्या पेरानं ठोकायचं — धड आसलं तर भांड्यागत वाजतं, टण्ण — आणि चिरलेलं आसलं तर बद्द बोलतं, आजारी माणसागत. तरी शंका आली तर पाण्यात बुडवून उन्हात ठेवायचं. समदं कौल वाळतं, चीर तेवढी वली ऱ्हाती, काळी रेघ दिसती. माणसाचं बी तसंच म्हणा, वरनं वाळल्यालं दिसतं — तिकडं काय बघताव? खांब हाय त्यो. कौलं इकडं हायेत, भाऊ. हात फिरवताव तर फिरवा, गार लागतो न्हव? साग हाय. हे लाकूड ह्या घराचं न्हाईच मुळी. आमचं पहिलं घर खाली, पाण्यात. डिंभ्याचं धरण भरायला लागलं तवा लोकांनी आपापली घरं उकलून वर आणली. आणि तवाच ते लाकडाचं व्यापारी यायचं. घरात लेकरं रडत्यात, म्हाताऱ्या भिंतीला हात लावून बसल्यात, आणि ह्ये आपलं एकेक खांब पेरानं वाजवत फिरत्यात, टक, टक, टक, कान लावून, डाक्टरावानी. आमच्या मालकांनी एकाला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढला. म्हणलं, घर बुडालं तर बुडू दे, खांब इकायचा न्हाई. मी आणि त्यांनी खांद्यावर आणलं ह्ये समदं, ह्या चढानं. मी नवी नवरी न्हव्हते, पर तोंडावर पदर व्हता, आणि त्या पदरावर आढं. तुमी हसताव. आढं म्हंजी ती वरची लांब तुळई, जिच्यावर दोन्ही अंगची कौलं टेकत्यात. बघा तिच्याकडं. एक गाठ न्हाई.

तर दरसाली वैशाखात घर शाकारायचं. तुमाला सांगायला नको, तुमचं कामच हाय ते. पर आमची पद्धत आयका. भर दुपारी दार लावून घ्यायचं, खिडकी झाकायची, आणि आत मी एकली हुभी. जिथं जिथं कौलाला फट, तिथनं ऊन आत घुसायचं, जमिनीवर कवडसा पडायचा. मी काठी घ्यायची आणि कवडशाच्या रेघंनं वर नेऊन खालनं ठोकायची. वरनं मालक हात लावायचं — ह्येच का? — आणि कौल सारायचं, न्हाई तर बदलायचं. मंग वरनं हाळी यायची, "झाला का अंधार?" मी म्हणायची, "झाला." की फुडलं कौल. आता बाहेरच्या माणसानं आयकलं तर म्हणंल, ह्ये काय अभद्र, अंधार अंधार. पर आमच्या घरात अंधार म्हंजी चांगलं. अंधार झाला म्हंजी पाऊस खुशाल येऊ दे. रामदास लहान आसताना रडायला लागला की मी त्याला मांडीवर घिऊन म्हणायची, झाला का अंधार? आणि पदर टाकायची तोंडावर. हसायचं लेकरू. मालक गेल्यावर मंग त्यो वर चढायला लागला आणि खाली मीच. त्याच शब्दात इचारायचा, बापागत.

गेल्या वैशाखात आला व्हता. सून बी आली व्हती, आरती, अंगणात हुभी राहून कौलं वर देत व्हती. मला त्या टायमाला डोळ्यात सारा आल्याला, मोतीबिंदू म्हणत्यात त्यो, दोन्ही डोळ्यांत, समदं दुधातनं बघितल्यागत. मी त्याला सांगितलं, रामदास, मला दिसंना रं धड, आरतीला धाड आत. त्यो म्हणला, आरतीला काय कळतंय त्यातलं, जेवढं दिसतंय तेवढं सांग. मी हुभी राह्यले काठी घिऊन. वर त्याचा पाय वाजतोय, कौलं वाजत्यात, चुलीच्या डोईवर गेला, माझ्या अंथरुणाच्या डोईवर आला — आणि वरनं इचारतोय, "झाला का अंधार, आये?" आता मला इकडं बघितलं तर अंधार, तिकडं बघितलं तर अंधार. मी म्हणलं, झाला रं बाबा. फुडलं. पुन्हा, झाला का? झाला. लई लवकर उरकलं त्या साली.

आणि आषाढात काय सांगू. दुसरीकडं कुठं थेंब न्हाई. नेमकं चुलीवर आणि नेमकं माझ्या अंथरुणावर. चूल इझली, वाकाळ भिजली, मी कोपऱ्यात बसून ऱ्हायची गुडघं पोटाशी घिऊन. खांबाला, आढ्याला शिवलं सुदिक न्हाई पाणी. मी त्यातल्या त्यात देवाला हात जोडलं, म्हणलं पाण्याला बी कळतं, सागाची इज्जत ठिवली. रामदास आला, वर बघितलं, मुंडी हालवली. म्हणला, "आये, शाकारलं तर व्हतं आपण. तूच म्हणलीस, अंधार झाला. आता घरच थकलं." आणि चल म्हणला नारायणगावला. गेले व्हते मी एकदा. चांगलं हाय, फरशी हाय, नळ हाय. पर डोक्यावर दुसऱ्याचं घर आणि पायाखाली बी दुसऱ्याचंच. छप्परच न्हाई त्या घराला. रातीला पाऊस आला का गेला, कळत न्हाई. मी म्हणलं, बाबा, मी हितंच बरी. आतल्या अंगानं तुझा तो मल्चिंगचा प्लास्टिक कागद बांधून दे, काढीन पावसाळा. काढला.

डोळ्याचं त्यो म्हणायचा, फुडल्या साली करू, आता सीझन हाय. दर खेपंला सीझन. शेवटी होळीच्या आधी ती डोळ्याच्या शिबिराची गाडी आली तवा कुशाबाईनं मला दंडाला धरून बसवलं गाडीत. आपरेशन केलं, काळा चष्मा दिला, चुलीच्या धुरात जाऊ नको म्हणलं. मंग दिवसभर काय करायचं? घरात बसायचं. कागद सोडून ठिवला व्हता. एक दिवस ऐन दुपारी दार लोटून घेतलं, चष्मा काढला — आणि भाऊ, खरं सांगते, मी भ्याले. जमिनीवर बिबट्या निजलाय आसं वाटलं. ठिपकं, ठिपकं, नुसतं ठिपकं. अंथरुणावर आणि चुलीवर. दुसरीकडं काळोख, कसा, घागरीत बघितल्यागत.

कुशाबाईला म्हणलं, वानरं आली आसतील. येत्यात की वानरं, अंब्यावर येत्यात. तुमी बी तेच म्हणाल. पर वानर कौल घसरवतं, फोडतं, खाली खापरं पडत्यात. वारा कौल उलथं करतो. ह्ये तसं न्हव्हतं. कौलाला खालनं कान आसतो, त्यो रिपेला, खालच्या लाकडी पट्टीला, आडकतो, म्हणून ते बसतं. ह्या कौलांचं कान रिपेवरनं उचलून काढलं व्हतं, बोटभर सारलं व्हतं आणि पुन्हा नीट निजवून ठेवलं व्हतं. लेकराला निजवावं तसं. ह्ये हाताचं काम हाय, आणि शिकल्याल्या हाताचं. हितल्या वस्तीत ते दोघांनाच येत व्हतं. एक तर गेलं —

न्हाई, न्हाई. मी काय कुणाचं नाव घेतलं न्हाई. तुमी आपलं वर बघा. त्याच्या कानाला फोन आसंल त्या टायमाला, ध्यान नसंल. चुकतं माणूस. न्हाई? आणि समजा केलंच, तर का केलं? आयला तोंडानं सांगवंना, हे घर सोड म्हणून. जीभ रेटना. म्हणून घराच्या तोंडून वदवलं. ह्ये बी एक मायाच हाय म्हणा. मी राग धरला न्हाई. मी फोन लावला, एवढंच म्हणलं, रामदास, मला आता दिसतंय. मला वाटलं, रेंज गेली. मंग म्हणला, आये, छपराचं बघायला माणूस धाडतो. मला समजलं, लेकरू वरमलं. चुकलं म्हणता येत न्हाई, म्हणून माणूस धाडतंय. तवापासनं ही कौलं वाजवून ठेवती. आता एकदा शाकारलं की —

थांबा. काय वाजवलं तुमी?

न्हाई, वाजवा की पुन्हा. का थांबलाव? खांब वाजवलाव न्हव, पेरानं? आल्यापासनं बघती, कौलाकडं तुमची नजर न्हाई. वर बघताव ते बी आढ्याकडं. आणि ह्यो टेप कशाला? कौलं टेपनं मोजत्यात का भाऊ? आवाज वळखीचा वाटला मला. लई जुना आवाज हाय त्यो. खाली, पाण्यातल्या गावात आयकला व्हता.

काय म्हणला त्यो तुमाला? खरं सांगा. मी गेल्यावर उकला म्हणला? मी कुठं जाणार हाय? नारायणगावला. कधी? आसं. वैशाखातच. म्हंजी पावसाच्या आधी. आणि ह्ये लाकूड जाणार कुठं, त्या रस्त्यावरल्या हॉटेलात? जिथं पावणं फोटो काढायला येत्यात?

म्हणून पाणी सागाला शिवलं न्हाई. मी देवाला हात जोडत व्हते.

न्हाई, तुमचा काय दोष? तुमी तर खरंच बोललाव, त्यो बी खरंच बोलला. छपराचं बघायला माणूस धाडतो. बघितलंत तुमी. चहा घ्या, चहानं काय केलंय कुणाचं. गुंडाळा त्यो टेप. आणि त्याला निरोप सांगा. लांबलचक काय न्हाई. म्हणावं, आय म्हणली, उजेड पडला.

वाकून जावा, चौकट ठेंगणी हाय. ती बी सागाचीच हाय, पर तिला वाजवू नका. आणि जाता जाता एवढं करा, ती गोठ्यामागची शिडी तेवढी वळचणीला लावून द्या. खाली काठी घिऊन कुशाबाईला हुभी करती, तिचं डोळं बरं हायेत. हां, तिथंच. जरा अलीकडं. बास. निघा आता तुमी. ढिली पायरी मला ठावं हाय.