कंपनी चांगली नाही

— नाही, दिवाळीच्या आधी नव्हे, नंतर. एजंटाने तुला चुकीचं सांगितलं. सन दोन हजार तेवीस, नोव्हेंबर संपत आलेला, तुळशीची लग्नं होऊन गेलेली — शरद सरत होता आणि हेमंत लागायचा होता. मी स्वेटर काढला होता, शाल अजून काढली नव्हती, म्हणून मला नेमकं आठवतं. तिथून ते प्रकरण सुरू झालं. आधीची भाडेकरू मुलगी ही खोली सोडून का गेली, हेच विचारलंस ना तू? वाजवी प्रश्न आहे. विचारावाच. बस, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, कॉटवर बस. ही तिचीच कॉट. आभाची. विंचूरची होती ती, वडिलांचा कांद्याचा व्यापार. तू देवळ्याची म्हणालीस — म्हणजे तुमच्याकडेही कांदाच असणार. असो, नावं वेगळी असली तरी मुली सारख्याच येतात इथे. एक बॅग, एक पाण्याची बाटली, आणि दारातच पहिलं वाक्य — 'आजी, मी कंपनीत आहे.' तूही तेच म्हणालीस. मी 'काकू' म्हणवून घेते, आणि कंपनीत कोणी 'असत' नाही, कंपनीत नोकरी करतात. पण राहू दे.

मी जुनी मॅट्रिक आहे, अकरावीची. आम्हाला एकेक इंग्रजी शब्द सोलून शिकवत. कंपनी म्हटलं की आमच्या वर्गात प्रथम ईस्ट इंडिया कंपनी यायची, व्यापाराला आली आणि राहिली. मग नाटक कंपनी. तिच्या तंबूकडे बघायचीसुद्धा आम्हाला मनाई. लग्न होऊन नाशकात आले तर इथे सगळं शहरच कंपनीचं. आमचे हे सातपूरला होते — 'कंपनीत गेले', 'कंपनीतून आले', 'कंपनीने बोनस दिला', जणू कंपनी म्हणजे एखादी थोरली जाऊ. दुकानदार म्हणतो, हा मिक्सर कंपनीचा आहे, म्हणजे काय? तर अस्सल आहे, नकली नव्हे. आणि हे गेल्यावर आमचा भाचा देवव्रत फोनवर म्हणाला, 'मामी, तुला कंपनी हवी.' मी म्हटलं, कोणती रे? तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? त्याला सोबत म्हणायची होती. मराठीत आपण सोबत देतो, नाहीतर करतो. इंग्रज सोबत ठेवतात, 'कीप कंपनी' — क्रियापदच तसं आहे त्यांचं. मराठीत 'ठेवणे' म्हटलं की लोक भलताच अर्थ काढतात, पण मला ते क्रियापद योग्य वाटतं. दिलेली वस्तू जाते. ठेवलेली राहते.

— चहा निवतो आहे. साखर कमी आहे का? आभालाही आधी कमीच वाटायची, नंतर सवय झाली.

गुणी मुलगी, मी खोटं बोलत नाही. अंबडला इलेक्ट्रिकचे पॅनल तपासायच्या कामावर होती. दुसरी पाळी आली की रात्री साडेबाराला कंपनीची गाडी खाली थांबायची, मग जिन्यात तिच्या चपला वाजायच्या, आणि तो आवाज ऐकला की मला झोप लागायची. त्याआधी नाही. यांच्या माघारी मी झोप म्हणजे काय ते विसरले होते. सकाळी ती मला पेपर वाचून दाखवायची — माझ्या मोतीबिंदूमुळे — आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की मी थांबवायची. हसायची बिचारी, पुन्हा वाचायची. रविवारी केसांना तेल लावून द्यायची. हे भाड्यात येत नाही, वेदिका. हे कुठल्याच भाड्यात येत नाही. आणि एक दिवस ही मुलगी म्हणाली, काकू, वणीचं एक स्थळ आहे, मुलगा रविराज, द्राक्षबाग आहे, स्वभावाने बरा आहे, मला पसंत आहे. लाजून म्हणाली. लग्नानंतर वणीहूनच जाणं-येणं करणार का, विचारलं मी. तर म्हणाली, नोकरी सोडेन की, काकू. तिथे त्यांची बाग आहे, माणसं आहेत, घर भरलेलं आहे. घर भरलेलं आहे — माझ्यासमोर म्हणाली.

तर नोव्हेंबर. मुलाचे वडील चौकशीला आले. वाल्मीकराव. वणीहून मोटारसायकलवर, हातात मेथीच्या दोन जुड्या, टोपी काढून बसले. साधा माणूस. आभा पाळीवर गेलेली, ती नसतानाच यायचं हे त्यांचं ठरलेलं. चौकशी तशीच करतात. घरदार ठीक आहे, मुलगी आवडली आहे, असं बरंच बोलले, आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तुम्ही जुनं मानूस, तुम्हाला इचारतो. पोरगी लय चांगली वाटली आम्हाला. तिची कंपनी कशी हाय तेवढं सांगा."

आता त्यांना काय विचारायचं होतं, ते तुला कळलं ना? उठणं-बसणं. मैत्रिणी, मित्र, संगत. मलाही कळलं. मी मॅट्रिक आहे. पण शब्द त्यांनी निवडला होता, मी नव्हे. मी म्हटलं, "कंपनी काही चांगली नाही हो."

खरं नव्हतं का? पगार वेळेवर नाही, कँटीनचं जेवण कच्चं, वरचेवर माणसं बदलणार. आभाच सांगायची. वाल्मीकराव जरा पुढे सरकले. मग म्हणाले, म्हंजे कशी? मी सांगितलं — जे रोज डोळ्यांनी बघत होते तेच. म्हटलं, रात्री साडेबाराला गाडी सोडायला येते. रोज वेगळा माणूस असतो. सगळे मुलगे आणि ही एकटी मुलगी. आणि म्हटलं, तिथले साहेब लोक मर्जीतल्यांना ठेवतात, बाकीच्यांना सहा महिन्यांत काढून टाकतात. हिला वाटतं, आपल्याला कायम ठेवतील. यातला एक शब्द खोटा असेल तर दाखव मला. घरच्यांना ठाऊक हाय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळं सांगितलं नसावं. तेही खरं — रात्री उशिरा सुटणाऱ्या पाळीचं तिने विंचूरला सांगितलंच नव्हतं, वडील काळजी करतील म्हणून. टोपी घालून ते उठले. मेथी मात्र ठेवून गेले. चांगली होती मेथी, कोवळी.

— दाराकडे का बघतेस? वाऱ्याने लागलं ते. ओढलं की उघडतं.

मला वाटलं होतं, योग नाही असा निरोप येईल, मुलगी चार दिवस रडेल, आणि पुन्हा पेपर वाचू लागेल. तसंच झालंही. निरोप आला. कारण कुणी सांगितलं नाही. मी तिच्यासाठी शिरा केला, डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, जे होतं ते बऱ्यासाठी. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, इथेच, तू बसली आहेस तिथे. म्हणाली, काकू, तुम्ही आहात म्हणून. त्या आठवड्यात मला फार शांत झोप लागली. पण शब्द चालत जातो ना — वणीहून विंचूरला जायला त्याला गाडी लागत नाही. तिथे तो पोचला तेव्हा माझा राहिला नव्हता. मी 'कंपनी' म्हटलं होतं; तिकडे लोकांनी काय काय म्हटलं ते मी उच्चारणार नाही. त्याला मी जबाबदार नाही. शब्द वापरणाऱ्याने जपून वापरावा, ऐकणाऱ्याने जपून ऐकावा.

तुझं कुठे बघताहेत का? — बघत असतीलच. लाजू नकोस. चौकशीला कुणी आलं तर इथलाच पत्ता द्यायला सांग घरी. बाहेरचे लोक घरमालकिणीच्या शब्दाला मान देतात. मी कुणाबद्दल खोटं सांगत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

नाही, उठू नकोस. अर्धवट ऐकलेलं पुढे चुकीचं सांगितलं जातं, आणि ते मला खपत नाही. पूर्ण ऐक. डिसेंबरात तिचे वडील आले, सावळीराम. पिकअप घेऊन. चपला न काढता आत आले, पाणीही घेतलं नाही. मुलगी नुकती न्हाऊन आली होती, केस ओले. त्यांनी तिला काही विचारलं नाही, मला विचारलं, "काकू, रात्री गाडी येती का हिला सोडायला?" मी म्हटलं, येते. आभा म्हणाली, "नाना, कंपनीची गाडी आहे ती." तर ते म्हणाले, "कंपनीची म्हंजी कोनाची?"

तिने माझ्याकडे बघितलं. साधी गोष्ट होती, मी एक वाक्य बोलले असते तर — कारखान्याची हो, सगळ्या कामगारांना सोडते — तिथल्या तिथे उलगडा झाला असता. मग कदाचित वणीलाही निरोप गेला असता, वाल्मीकरावांची टोपी पुन्हा माझ्या दारात आली असती, आणि ती भरलेल्या घरी निघून गेली असती. मला अर्थ कुणी विचारला नव्हता. मी शाल नीट केली. मला वाटलं, रागावतील, बोलतील आणि जातील, मुलगी राहील. बाप मुलीला एवढ्यासाठी नोकरीवरून उठवून नेतो, हे मला कसं कळावं? आम्हाला मूल नाही. त्यांनी गादी गुंडाळली, बॅग उचलली, तिचा हात धरला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ती ओल्या केसांनीच निघाली, आणि जिन्याच्या वळणावर थांबून वर बघत, अगदी हळू, रोज पेपर वाचायची त्याच आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांना कोणती कंपनी सांगितली?"

जिना उतरणाऱ्याशी बोलू नये, पाय चुकतो. पुढे तिचं काय केलं त्यांनी, कुठे दिली, दिली की नाही, मला कुणी कळवलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन लावला होता एकदा. नंबर बंद आहे असं एक बाई सांगते. मी ती बाई पूर्ण ऐकून घेते, मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तेवढाच आवाज घरात.

चहा तसाच राहिला तुझा. राहू दे. बॅग उचललीस म्हणजे खोली नको आहे, हे मला समजतं; कारण सांगायची गरज नाही. फक्त खाली एजंटाला तारीख तरी बरोबर सांग — दिवाळीच्या आधी नव्हे. आभाला नेलं तो मंगळवार होता, मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंती. कोपऱ्यावरच्या देवळात पाळणा म्हणत होते. त्या दिवशी ते प्रकरण मिटलं. जा तू.