अंगठ्याची जागा

कोच : परत उजवीकडे. काका, बॉल उचलायला जाऊ नका म्हटलं ना. आयर्नचा, या लोखंडी काठीचा, शॉट वरून खाली मारायचा. आधी बॉल, मग जमीन. वर जायचं काम बॉलचं, तुमचं नाही.

बाबा : खालीच मारला की.

कोच : आधी जमीन खणलीत. केवढी माती निघाली बघा. बटाटे लावता येतील इथे.

बाबा : लावा. निदान काहीतरी वर येईल.

मुलगी : बाबा, झालं का? गाडी उन्हात उभी आहे.

बाबा : मास्तर, ही माझी मुलगी. हिची आई गेल्यापासून माझ्याकडे राहिलीय. कंबर धरली म्हणून सकाळी हिने मला बूट चढवून दिले, आता त्या बुटांवर देखरेख करायला आलीय.

मुलगी : सर, तुम्हीच सांगा यांना काहीतरी. सत्तरी आली. झोपेत कुशीवर वळताना कण्हतात. आईला जाऊन तीन महिने होतायत. लोक घरी भेटायला येतात आणि हे नसतात. कुठे गेलेत? तर गोल्फ शिकायला. काय सांगायचं मी लोकांना?

बाबा : सांगायचं, म्हातारा चळलाय.

मुलगी : मावशीला तेच सांगितलं.

बाबा : मग? पटलं तिला?

मुलगी : लगेच.

कोच : ताई, बसा ना जरा. काकांची कंबर वयामुळे नाही दुखत. ही काठी काकूंची आहे, यांना आखूड पडते. त्यात हे हात आणखी खाली धरतात. मग वाकावं लागतं. रोज सांगतो, चांगली चार बोटं वर धरा. दोन शॉट धरतात. तिसऱ्याला हात घसरून मूळ जागी.

मुलगी : विसरत असतील.

कोच : हे आणि विसरतात? माझ्या गाडीचा क्लच जातोय, हे यांनी गेटपासून आवाज ऐकून सांगितलं. आणि कधीपासून जातोय, तेही.

बाबा : तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, मास्तर. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकला असतात तर पहिल्याच दिवशी पायावर छडी बसली असती.

मुलगी : मग नवा सेट घेऊ. तुमच्या उंचीचा. आजच घेऊ.

बाबा : नको.

मुलगी : का?

बाबा : नको म्हटलं ना.

मुलगी : मला कळतच नाही, बाबा. इतकी वर्षं दर रविवारी आईबरोबर इथे आलात. तिची बॅग खांद्यावर घेऊन अख्खं मैदान चाललात. एक बॉल कधी मारला नाहीत. ती किती मागे लागायची, एकदा मारून तरी बघा. तुम्ही म्हणायचात, दोघांनी गाडी चालवायची नसते, एकाने शेजारी बसायचं असतं.

बाबा : म्हणायचो.

मुलगी : मग आता हे काय सुरू केलंय?

बाबा : मास्तर, तुम्ही सांगा. नियम तुमच्या क्लबचा.

कोच : ताई, इथे सरावाला कोणीही येतं, पण आत मैदानावर फक्त खेळणाऱ्याला सोडतात. त्याच्याबरोबर एक माणूस चालतो, बॅग घ्यायला. नुसतं फिरायला कोणाला सोडत नाहीत, उगाच बॉल लागतात. काकू गेल्यानंतरच्या एका रविवारी काका एकटेच आले होते. गेटवरच्याने विचारलं, कोणाबरोबर?

बाबा : बरोबरच विचारलं त्याने. ते त्याचं कामच आहे.

मुलगी : मला बोलला नाहीत.

बाबा : काय बोलायचं त्यात? त्याने प्रश्न विचारला, माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आलो.

मुलगी : त्या दिवशी तुम्ही भाजी आणायला गेला होतात.

बाबा : भाजी आणली होती की.

मुलगी : म्हणून शिकताय? आत जायला?

बाबा : तिसऱ्या होलच्या वाटेवर तळं आहे. तळ्याच्या पलीकडे एक बाक. तिथे पोचलं की ती बूट काढून मोज्यातले खडे झाडत बसायची. मागचे लोक ओरडायचे, ती म्हणायची, जाऊ द्या त्यांना पुढे. मग मी थर्मास उघडायचो. खडेबिडे काही नसायचे मोज्यात.

कोच : मीच यांना म्हटलं, काका, शिका, म्हणजे हक्काने जाल. पण नवीन माणसाला मी हो म्हटल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि त्या तळ्याच्या उजव्या हाताला रस्ता आहे, माणसं चालतात. यांचा प्रत्येक बॉल उजवीकडे. मी हो कसं म्हणू?

मुलगी : ती काठी बघू जरा.

बाबा : राहू दे गं. हात मळतील.

मुलगी : मळू देत. ... इथे रबराला खड्डा आहे.

कोच : जुनी ग्रिप आहे ना. झिजलीय. बदलू या म्हटलं की काका विषय बदलतात.

मुलगी : झिजलेली नाही ही. एकाच जागी दाबली गेलीय. माझा अंगठा जेमतेम मावतोय. बाबा, हा आईचा अंगठा आहे.

बाबा : जन्मभर इंजेक्शनं दिली तिने. त्या अंगठ्यात काय जोर होता! मी म्हणायचो, वॉर्डातली माणसं आजाराला नसतील घाबरत, तुझ्या अंगठ्याला घाबरत असतील.

कोच : म्हणजे काका, तुमचा हात खाली जातो तो...

बाबा : आपोआप जातो.

मुलगी : आपोआप?

बाबा : नाही. लावतो मी.

(मुलगी खड्ड्यावरचा अंगठा उचलते.)

बाबा : बाकी घरात सगळं धुतलं गेलं. तू धुतलंस, मावशीने धुतलं. बरं केलंत. ही बॅग तेवढी माझ्या खोलीत होती.

कोच : काका, रागावू नका. काकूंचा हात लहान होता, त्यांना तिथे बरोबर होतं. तुमच्या पंजाने तिथे धरलं की काठीचं तोंड उघडं, उजवीकडे वळलेलं राहतं. मग कितीही मन लावून मारा, बॉल उजवीकडेच जाणार.

बाबा : कळतंय हो मला. नवशिका माणूस स्टेअरिंग आवळून धरतो. मी प्रत्येकाला सांगायचो, अहो, तुम्ही आवळलंय म्हणून गाडी रस्त्यावर नाहीये. सोडा जरा. आणि सोडायचे ते. सोपं असल्यासारखे सोडायचे.

मुलगी : ग्रिप बदलताना जुनीचं काय करतात, सर?

कोच : उभी कापून काढावी लागते.

मुलगी : मग नको.

बाबा : अगं, आत्ता तर तू नवा सेट...

मुलगी : कापायची नाही, बाबा.

(कोच स्वतःच्या बॅगेतून दुसरी सात नंबरची काठी काढून पुढे करतो.)

कोच : ही माझी. मारून तर बघा.

बाबा : हिला काहीच नाही हो. सपाट आहे.

कोच : सपाटच असते. वर धरा. आणखी वर. डावा अंगठा किंचित उजवीकडे झुकू दे. हां. कंबर बघा, आपसूक सरळ झाली. आता उचलू नका. खाली.

मुलगी : कुठे गेला? मला दिसलाच नाही.

कोच : वर बघा ताई. अजून वरच आहे.

मुलगी : सरळ गेला. बाबा, अगदी सरळ.

बाबा : आवाज ऐकलास?

मुलगी : हो.

बाबा : तिचा असाच यायचा. चांगला लागला की ती काही बोलायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. ऐकलं ना, म्हणून.

कोच : काका, हे असं जमत राहिलं तर रविवारी पहाटे, गर्दी नसताना, मी तुम्हाला तिसऱ्यापर्यंत घेऊन जातो.

बाबा : तिची काठी द्या इकडे.

कोच : तिने नका मारू आता. हात पुन्हा...

बाबा : मारत नाही. बॅगेत राहील. चालतं ना?

कोच : चालतं की.

मुलगी : सर, खेळणाऱ्याबरोबर एक माणूस जातो म्हणालात. तुम्ही वेगळे. यांच्याबरोबर मी येते.

बाबा : तू शनिवारी परत निघणार होतीस. तुझी नोकरी?

मुलगी : बघू ते.

बाबा : बॅग जड आहे गं. तुला सवय नाही.

मुलगी : पट्टा कुठल्या खांद्यावर घ्यायचा, ते सांगा.

बाबा : डाव्या. उजवी बाजू मोकळी ठेवायची. बोलणारं माणूस त्या बाजूने चालतं.