मागची काच

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट पाहणाऱ्या शिक्षिकेनं मान वळवली, पण कान कुठे वळवणार? शेजारी मिस्त्री आणि एक वयस्क गृहस्थ बोलत होते.

"गाडीची मागची काच मागच्या सीटवरून उघडतच नाही. मोटर बदलून टाका."

"काका, दुखणं नाही अन् ऑपरेशनला निघालात! तुमच्या दारावरचं हे बटण दाबलेलं होतं. हे दाबलं, की मागची बटणं चालत नाहीत."

"अरे हो! लेक लहानपणी सारखा डोकं बाहेर काढायचा. तेव्हा दाबलेलं."

"आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"मागे बसतंय कोण?"

"मग आता कसं कळलं?"

"काल मीच बसलो होतो मागे, लेकाच्या जागी."

"आणि गाडी कोण चालवत होतं?"

"कोणी नाही. दारातच उभी होती."