चिंचेनं घासलेले डाइम

(महाड. चवदार तळ्यामागच्या गल्लीतलं घर. ईद तोंडावर आली आहे. महरुन्निसाच्या मांडीवर पत्र्याचा डबा, आणि उमरठहून आलेला भागोजी तिच्यासमोर बसला आहे. तिचा नवरा अजमल आतल्या खोलीत झोपला आहे; तो जहाजावर नोकरीला असताना भागोजी तिथला भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होता.)

महरुन्निसा : चिंचेनं घासली. वरून राख लावली. झालं? आता तुम्ही पण ओरडा माझ्यावर, भागोजीभाऊ.

भागोजी : मी कशाला वरडू, भाभी? तुम्ही फोनवर रडत व्हतात, तवा मिळंल ती एष्टी पकडून आलो. पन सगळीच घासलीत?

महरुन्निसा : डबाभर. ईदेच्या आधी आमच्याकडे घरातलं एकूण एक भांडं निघतं घासायला, ठाऊक आहे ना तुम्हाला. हंडा झाला, पराती झाल्या, तस्त झालं. हात चिंचेचे होतेच. समोर हा डबा. आत सगळी काळी ठिक्कर नाणी. म्हटलं, यांची नजर अधू झालीय, चमकली तर दिसतील तरी बिचाऱ्यांना.

भागोजी : अवो, अमेरिकेचं डाइम हाय ते! धा सेंटाचं नाणं. नखाएवढं असतंय, पन जहाजावर अजमल मला हात लावू देत नव्हता. म्हनायचा, भंडारी, तुझ्या हाताला कांद्याचा रस हाय, लांबून बघ. जमवनारी मानसं त्यो काळेपना कधी काडत नायत. नाण्याचं वय असतंय ते.

महरुन्निसा : मला काय माहीत नव्हतं? लग्नानंतर पहिल्या सुट्टीला आले तेव्हाच सांगितलं होतं. मेहरू, सगळं घर तुझं, एवढा डबा तेवढा सोड. जन्मभर नाही हो शिवले मी! आणि आता म्हातारपणी माझीच अक्कल चरायला गेली.

भागोजी : जाऊ द्या. चुकून झालं.

महरुन्निसा : कसं जाऊ द्या? तुम्हाला काय सांगू... अकिबचं नाव विसरले ते. पोटचा मुलगा कुवेतवरून फोन करतो, तर विचारतात, कुठल्या कंपनीचा माणूस? मशिदीतून घरी येताना वाट चुकतात. पण हा डबा उघडून दिला की एकेक नाणं उचलायचे, बंदर सांगायचे. हे बाल्टिमोर, हे न्यू ऑर्लिन्स, हे सव्हाना. पाच-दहा नाणी झाली की मान वर करायचे आणि म्हणायचे, मेहरू, चहा टाक. रोज असेच परत यायचे माझ्याकडे. कालपासून मला बाई म्हणतायत.

भागोजी : अरं देवा.

महरुन्निसा : सकाळी चुलीच्या धुरावर धरली मी नाणी. काजळी बसली, तर ती बोटाला लागली त्यांच्या. म्हणाले, चोरांनी नाणी बदलली, वर काजळपण फासलंय.

अजमल : कोण आहे बाहेर?

भागोजी : मी रे, भागोजी! ये, बस हितं.

अजमल : भंडारी! काल डाळीत मीठ किती टाकलंस? कप्तान बोंबलत होता.

भागोजी : त्याला काय हुतंय, साहेबाला कसलंबी तिखटमीठ सोसत नाय.

महरुन्निसा : बघा! तुम्हाला ओळखलं. मला नाही ओळखलं.

अजमल : भंडारी, चोरी झालीय. माझं कलेक्शन नेलं आणि जत्रेतली नाणी भरून ठेवली. बघ, कशी चकचकतायत.

भागोजी : नाय रे, तुझीच हायत. ही बघ, टोपीला पंखं लावलेली बाई. तूच म्हनायचास, जुनं डाइम हेच, पुढं हिला काडली आन अध्यक्षाचं तोंड टाकलं.

अजमल : माझी काळी होती. गालावर निळसर झाक होती, टोपीखाली. ही कुणीतरी दुसरीच.

भागोजी : बरं, मग कड बघ. पासष्टपासून आतमधी तांबं भरलं, तवा कडंला लाल रेघ दिसतीया. हिला हाय का रेघ? नाय. म्हंजे चांदी. बंदराला लागलो की तू बँकेतनं डाइमच्या कागदी वळकट्या आनायचास, आन मी कांदं सोलत बसायचो तवा नुसत्या कडा बघत बसायचास. बायको बघावी तसा!

अजमल : कडा बनवतात लोक. सगळं बनवतात.

भागोजी : आवाज नाय बनवता येत. भाभी, ती चटई सारा जरा. लादीवर टाकतो.

महरुन्निसा : टाका. टाका हो, या अल्लाह.

अजमल : ...पुन्हा टाक.

भागोजी : घे. ऐक नीट.

अजमल : ही चांदी आहे. थांब, दे इकडे. भंडारी... ही माझी. बाल्टिमोर. बर्फ पडत होतं. कॉफीवाल्या म्हातारीनं सुटे दिले, हातमोजा काढून दिले. मी कॉफी तशीच टाकून जहाजावर पळालो, तुला दाखवायला.

भागोजी : व्हय! आन मी म्हनलं, येड्या, कॉफी तरी प्यायची!

महरुन्निसा : आले! आले हो ते! अहो, इकडे बघा. माझ्याकडे. चहा टाकू का?

अजमल : भंडारी, या बाई कोण?

भागोजी : अरं, तुझी मेहरू नव्हं का? नीट बघ की.

अजमल : काय खुळा झालास? नाणी माझीच आहेत, म्हणजे इथेच कुणीतरी घासलीयत. चिंचेचा वास येतोय यांच्या हाताला. मेहरू असं करेल? माझ्या डब्याला हात नाही लावत ती. ती घरात असती तर कुणाला लावूपण दिला नसता.

महरुन्निसा : अहो, मीच...

भागोजी : भाभी, नका बोलू.

महरुन्निसा : नको कशी? मी समोर बसलेय त्यांच्या!

अजमल : रडू नका बाई. ओरडत नाही मी. तुम्हाला काय ठाऊक असणार, भांडी घासायला बोलावलं असेल तुम्हाला. फक्त एक करा. मेहरू आली की तिला नाणी बिघडली ते सांगू नका. तिच्या जिवाला लागेल.

महरुन्निसा : नाही सांगत.