हारातलं हरवलेलं फूल

अकोल्याच्या एसटीत द्वारकाबाईंनी कीर्तनकारबुवांसाठी नेलेला हार कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी नगमा भिंगातून निरखत होती. मागच्या बाकावर पुंजाराम, तोही कीर्तनालाच निघालेला, कान देऊन बसला होता.

“मावशी, फोटो पाहून आमच्या मॅडमचा मेसेज आला. हेच ते ऑर्किड. संपलं म्हनून पुस्तकात लिवलं, शंभर वर्षांत कोनालेच दिसलं नाई.”

“दरसाली बुवाच्या गळ्यात असते की.”

“झाड कुठं हाय?”

“आमच्या आंब्यावर. बांडगूळ म्हनून आमचे मालक आज खरडून राहिले.”

“या अल्ला. फोन लावा.”

“बंडूचे बाबा, इळा टाका खाली. किती उरलं?... ओंजळभर म्हनतेत, पोरी.”

“पुरते मावशी, पुरते.”

“आयका हो, फांदीले मिठी मारून बसा, आमी येऊन राहिलो.”

“अन् मावशी, कीर्तन?”

“बुवाच म्हनतीन, बरं केलं. कंडक्टरभाऊ, बेल मारा.”

पुंजारामही पिशवी उचलून त्यांच्यामागं उतरला.